वाट नसलेल्या शिखराचा जीपीएस ट्रॅक जाहीर करावा का?

रानवेडा
न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल्स डोंगररांगेत साडेतीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी पुरी करायचा नाद इथे बऱ्याच जणांना आहे. ही यादी पुरी करणाऱ्यांचा ३५०० क्लब १९६२ पासूनचा. यादीतल्या कित्येक शिखरांवर अधिकृत वाटच नाही, माथ्यावर झाडाला डबा आणि डब्यात पोचलेल्यांनी नाव लिहायची वही. परवा एकाने रॉकी आणि लोन या अशाच दोन शिखरांचा हिवाळी ट्रॅक, म्हणजे चाललेल्या मार्गाची जीपीएसने नोंदलेली रेघ, सगळ्यांसाठी टाकला. माझं स्पष्ट मत: असे ट्रॅक जाहीर करू नयेत.

गेल्या वर्षी जानेवारीत मी आणि एक मित्र होकायंत्रावर लोनला गेलो होतो. खिंडीतून वर निघालो की बाल्सम फर आणि रेड स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची अशी दाटी की समोरचा माणूस चार पावलांवर दिसेनासा होतो. फांदी बाजूला सारली की बर्फ थेट मानेत. पण सोंड कुठे रुंदावते, उतार कुठे डावीकडे ओढतो, हे पायांना कळत होतं. यंदा फोनवरच्या रेघेमागे रॉकीला गेलो आणि परत आल्यावर डोंगर कसा होता ते सांगता येईना.

दुसरं म्हणजे, रेघेवरून पन्नास जण गेले की वाट मळते. बिकनेल्स थ्रश हा पक्षी याच उंचीवरच्या खुरट्या फरमध्ये घरटं करतो. १८८१ मध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला तो इथल्याच स्लाइड माउंटनवर.

उतरंड
तुमची तळमळ पटते, पण हिवाळ्यात तो पक्षी इथे नसतो, कॅरिबियन बेटांवर असतो. जमिनीवर दोन-तीन फूट बर्फ असताना स्नोशूजखाली (बर्फात न रुतता चालायच्या रुंद जोड्यांखाली) शेवाळ, रोपटी झाकलेली असतात. उलट आडरानात जायचं तर हाच सगळ्यात कमी नुकसानीचा काळ.

रानवेडा
बरोबर, पण ट्रॅक काही मार्चअखेर पुसला जात नाही. जानेवारीत टाकलेली रेघ जूनमध्ये कोणीतरी उतरवून घेतो, आणि जूनमध्ये घरट्यात पिल्लं असतात.

उतरंड
हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. मान्य.

खिंडीतला
मला मात्र अजिबात मान्य नाही, आणि थोडं तिखट लिहितोय. दोन वर्षांपूर्वी आमच्यातली एक जण स्प्रूसच्या खड्ड्यात गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लहान स्प्रूसच्या फांद्या बर्फ वरच्या वर धरून ठेवतात, खाली बुंध्याभोवती पोकळी राहते. वरून सपाट दिसतं. ती कमरेपर्यंत गेली, स्नोशू खाली फांदीत अडकला, गुडघा पिळवटला. हातांनी उकरून तिला काढायला वीस मिनिटं लागली, तोवर घामाने भिजलेले आमचे कपडे गार पडले होते. दुपारचे तीन वाजले होते, डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. एका अनोळखी माणसाने जाहीर केलेला ट्रॅक फोनवर होता म्हणून कडे टाळून उतरता आलं. डोंगर पायांना कळला पाहिजे हे खरंच, पण लंगडणारं माणूस खांद्यावर असताना ते शिकायचं नसतं.

रानवेडा
तुमच्यावर जे गुदरलं त्यापुढे माझा हट्ट छोटा आहे. तरी एक विचारतो. तेव्हा फोन गारठून बंद पडला असता तर? थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. तुमच्यापैकी कोणाकडे होकायंत्र होतं का?

खिंडीतला
होतं. पण इथे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या सुमारे १३ अंश पश्चिमेला आहे, तो फरक धरायचा असतो हे त्या दिवशी आमच्यातल्या कोणालाच नीट येत नव्हतं. आता येतं. फोनही आता आतल्या कपड्यात, अंगालगत ठेवतो. तरी ट्रॅक जाहीर असावा असंच म्हणेन.

कागदी नकाशा
एक बाजू राहून गेली. ट्रॅकवर जमिनीची मालकी दिसत नाही. ग्रॅहम आणि डबलटॉप ही शिखरं खाजगी जमिनीवर आहेत, २०२१ मध्ये मालकांनी ती बंद केली आणि यादी ३५ वरून ३३ वर आली. जुने ट्रॅक आपोआप नाहीसे होत नाहीत, नवखा माणूस बिनधास्त तिकडे शिरतो. ट्रॅक टाकणाऱ्याने निदान तारीख आणि हद्द लिहावी.

रानवेडा
मी थोडा सरकतो. आखलेला मार्ग आणि परतायची वेळ घरच्यांना द्यावी, म्हणजे वेळ पडली तर फॉरेस्ट रेंजरना शोधाची दिशा मिळते. सोबत्यांना ट्रॅक द्यावा. सगळ्या जगाला नाही.

पाऊलखूण
बर्फात आपण चाललो की ट्रॅक तसाही जाहीर होतोच. गेल्या फेब्रुवारीत फ्रायडे नावाच्या शिखराच्या उतारावर ताज्या स्नोशूजच्या खुणा मिळाल्या. आम्ही निर्धास्त मागे लागलो, नकाशा दप्तरातच. पाऊण तासाने खुणा एका कड्याच्या तोंडाशी आल्या. तिथे बर्फ गोल तुडवलेला होता, आणि त्याच खुणा आल्या वाटेने मागे वळल्या होत्या.