संयुक्त उपासनेत प्रभूची प्रार्थना कशी म्हणावी?

मदत हवी आहे. १८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहात कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आणि मेथडिस्ट मंडळ्यांची एकत्र उपासना ठरतेय. प्रभुभोजन एकत्र घेता येत नाही, म्हणून बायबलचं वचन, मध्यस्थीची प्रार्थना (इतरांसाठीची विनवणी) आणि शांतीची खूण (एकमेकांना शांतीचं अभिवादन) एवढंच ठेवलंय.

अडचण प्रभूच्या, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेची आहे. ‘वाइटापासून सोडव’ म्हणून कॅथलिक थांबतात, बाकीचे ‘कारण की राज्य...’ पुढे म्हणतात. नेमक्या त्या क्षणी अर्धं चर्च गप्प! एकच छापील पाठ वाटावा, की शेवटची ओळ फक्त उपासना चालवणाऱ्याने म्हणावी?

शिवाय घरटी १ किलो तांदूळ, अर्धा किलो डाळ गोळा करून सरकारी दवाखान्यातल्या रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण द्यायचंय. ‘सर्वांनी एक व्हावे’ ही येशूची प्रार्थना (योहान १७:२१) नुसती वाचून भागत नाही. तिन्ही मंडळ्यांत वाढपाच्या पाळ्या कशा लावाव्यात?