निळ्या चौकटीत ‘फक्त दहा मिनिटे’ : सुपरमार्केटमधील राखीव पार्किंगविषयी

उंबरठा

गेल्या शनिवारी या ऑनलाइन चर्चामंचावरील एका सदस्यांनी लिहिले होते की सुपरमार्केटच्या तळघरात वीस मिनिटे फेऱ्या मारूनही त्यांना गाडी लावायला जागा मिळाली नाही, आणि दाराजवळच्या, निळ्या चौकटीतल्या, अपंगांसाठीच्या दोन्ही जागा मात्र रिकाम्या होत्या. त्यांनी त्यांपैकी एका जागेत ‘फक्त दहा मिनिटे’ गाडी लावली. वॉचमनने हटकले, तो त्यांना स्वतःचा अपमान वाटला. ‘जी जागा दिवसभर रिकामी पडते ती अडवून ठेवण्यात कोणाचा फायदा?’ असा त्यांचा प्रश्न होता आणि त्याखाली बऱ्याच जणांनी सहमती नोंदवली. ज्यांच्यासाठी ती जागा राखून ठेवली आहे त्यांच्यापैकी मी एक आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो आहे.

2011 साली अपघातात माझ्या मणक्याला इजा झाली आणि कमरेखालचे अंग गेले. हाताने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर चालवता येईल अशी सोय करून घेतलेली गाडी मी स्वतः चालवतो. पोहोचल्यावर शेजारच्या सीटवरची व्हीलचेअरची चौकट छातीवरून ओढून बाहेर काढावी लागते, मागच्या सीटवरचे एकेक चाक हात मागे घालून घ्यावे लागते आणि तिच्यात बसवावे लागते, गादी टाकावी लागते, आणि मग दार शेवटच्या खटक्यापर्यंत उघडे ठेवून दोन्ही हातांवर अंग तोलत खुर्चीत सरकावे लागते. गाडीची नेहमीची जागा अडीच मीटर रुंद असते. बांधकामाच्या नियमांत ही राखीव जागा 3.6 मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून 30 मीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, ते यासाठीच. बाजूला जे तिरके पट्टे मारलेले असतात ती उरलेली जागा नसून माझे दार उघडण्याची जागा असते.

दोन वर्षांपूर्वी मी सामान घेऊन परत आलो तेव्हा त्या पट्ट्यांवर कोणीतरी मोटरसायकल लावून ठेवली होती. गाडीला किल्ली लागत होती, परंतु दार एक वीत उघडत होते. पावणेदोन तास मी माझ्याच गाडीशेजारी बसून होतो आणि मांडीवरच्या पिशवीतले दूध कोमट झाले होते.

आता ‘दिवसभर रिकामी’ या मुद्द्याविषयी. त्या दोन्ही जागांत गाड्या उभ्या दिसल्या की मी थांबत नाही, कारण तिथे दुसरीकडे कुठेही उतरणे मला शक्य नाही. मी तसाच बाहेर पडतो. म्हणजे मी आलो होतो हे वॉचमनला कळत नाही, दुकानाला कळत नाही आणि दहा मिनिटांनी परत येणाऱ्या त्या गृहस्थांना तर मुळीच कळत नाही. त्यांना परतताना शेजारची जागा रिकामीच दिसते आणि ते म्हणतात, येथे कोणी येतच नाही.

सह्यकडा

तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले आणि पट्ट्यांवर मोटरसायकल लावणाऱ्याची बाजू कोणीच घेणार नाही. परंतु सगळ्यांना एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे आणि हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टर शस्त्रक्रिया करायला तयार नाहीत. महिन्यातून एकदा ती स्वतः कडधान्ये आणि गूळ निवडून घ्यायला बाहेर पडते, तेवढाच तिचा विरंगुळा. वरचे पार्किंग भरले की आम्हाला दुसऱ्या तळघरात पाठवतात आणि तेथील लिफ्ट महिन्यातले निम्मे दिवस बंद असते. अशा वेळी मी निळ्या जागेत गाडी लावली आहे आणि यापुढेही लावणार आहे. आईकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र नाही, कारण त्यासाठी सरकारी रुग्णालयात ज्या खेपा घालाव्या लागतात त्या तिला झेपणाऱ्या नाहीत. कागद नाही म्हणून तिचे गुडघे धड आहेत असे कोणी समजायचे का?

मुक्तछंद

मला दीड वर्षांचा असताना पोलिओ झाला. आज वय त्रेपन्न आहे, उजव्या पायाला आधार देणारे कॅलिपर आहे आणि साइड व्हील लावलेल्या स्कूटरवरून मी सगळीकडे फिरतो. या चर्चेत प्रत्येक जण चारचाकीचाच विचार करतो आहे, म्हणून लिहितो. निळ्या जागेत स्कूटर लावली की वॉचमन म्हणतो, ‘काका, ही गाडीवाल्यांची जागा आहे, दुचाकीत लावा.’ दुचाकीच्या रांगेत दोन गाड्यांच्या मधल्या फटीत माझी स्कूटर शिरत नाही, कारण तिला मागे दोन चाके जास्तीची आहेत. आणि शिरलीच तर कुबड्या टेकून उतरायला बाजूला जागा उरत नाही. आपल्या राज्यात अपंग माणूस वाहन चालवत असेल तर ते बहुतेक वेळा स्कूटरच असते, तरीही तिच्यासाठी आखलेली एकही जागा मी आमच्या भागातल्या कोणत्याही दुकानात पाहिलेली नाही.

सह्यकडा, तुमच्या आईंविषयी मला पूर्ण आदर आहे. मात्र गाडी तुम्ही चालवता. त्यांना दाराशी उतरवा आणि गाडी खाली नेऊन लावा. तुमच्या पायांना काही झालेले नाही.

सह्यकडा

शेवटचे वाक्य मागे घ्यावे अशी मी आपणास विनंती करतो. आपण माझ्या घरी येऊन पाहिलेले नाही. मी आईला दाराशी उतरवून पाहिले आहे. तेथे टेकायला एक बाकसुद्धा नाही. मी गाडी लावून परत येईपर्यंत ती रॅम्पच्या कठड्याला धरून उभी होती, तेवढ्यात मागून एका मुलाने ढकललेली ट्रॉली तिच्या पोटरीला लागली आणि ती खाली बसली. पोटरीवरचा काळानिळा डाग तीन आठवडे गेला नाही. सल्ला देणे सोपे असते.

हिशेबनीस

मी अशाच एका सुपरमार्केट साखळीच्या दुकानात आठ वर्षे व्यवस्थापनात होतो. आता ती नोकरी सोडली आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. त्या दोन जागांवर ग्राहकांच्या गाड्यांपेक्षा आमचेच अतिक्रमण जास्त असायचे. ट्रॉल्यांची रांग तेथे लागायची, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या आणि दिवाळीत आकाशकंदिलांचा मांडव तेथेच यायचा, कारण दाराजवळची तेवढीच जागा ‘वापरात नसलेली’ म्हणून आमच्या नजरेत होती.

वॉचमनविषयीही सांगतो. तो कंत्राटी माणूस, बारा तासांची पाळी. एकदा आमच्या वॉचमनने एका मोठ्या गाडीला निळ्या जागेतून हलवायला सांगितले. गाडीचे मालक तरातरा वर आले आणि मी त्या वॉचमनला शेजारी उभे करून त्यांची माफी मागितली. त्यानंतर त्या मुलाने कोणालाही अडवले नाही आणि त्याला दोष देण्याचा मला अधिकार उरला नाही. पुढे कार्यालयातून विचारणा आली की या जागांचा वापर किती होतो. मी ‘जवळजवळ नाही’ असे कळवले. उंबरठा यांनी लिहिलेले वाचेपर्यंत ते उत्तर चुकीचे होते असे माझ्या मनातही आले नव्हते.

कलम_आणि_पोटकलम

कायद्याची बाजू थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा आहे आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. सुगम्यतेची, म्हणजे अपंगांना जागा सहज वापरता येण्याची, जबाबदारी तो मुख्यतः आस्थापनांवर टाकतो आणि तरतुदी मोडल्यास पहिल्या वेळी 10 हजार रुपयांपर्यंत, नंतर 50 हजार ते 5 लाख रुपयांपर्यंत दंड सांगतो. अपंगांसाठीचा लाभ लबाडीने घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशीही तरतूद आहे. पण दहा मिनिटे गाडी लावणाऱ्याविरुद्ध ती वापरायची तर लबाडी सिद्ध करावी लागेल आणि ते कठीण आहे. जागेची मापे सांगणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना आजवर शिफारशीसारखेच वागवले गेले. दृष्टिहीन याचिकाकर्ते राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी नेमके यावरच बोट ठेवले, संबंधित नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवण्यास सरकारला सांगितले. म्हणून भांडायचे तर दुकानाशी भांडावे, एकमेकांशी नव्हे.

चंद्रकोर

मी सोळा वर्षे इंग्लंडमधील लेस्टरमध्ये राहते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे. बरा दिवस असेल तर मी चालते आणि तुम्हाला काहीही दिसणार नाही. वाईट दिवशी दुकानाच्या दुसऱ्या रांगेपर्यंत जाऊन परत येता येत नाही. येथे अपंगांना पार्किंगसाठी ‘ब्लू बॅज’ हा परवाना मिळतो. त्याच्या मागच्या बाजूला फोटो असतो, पुढे मुदतीची तारीख असते आणि महत्त्वाचे म्हणजे तो गाडीला नसून माणसाला दिलेला असतो, त्यामुळे मी ज्या गाडीतून जाईन त्या गाडीत तो चालतो. 30 ऑगस्ट 2019 पासून इंग्लंडमध्ये न दिसणाऱ्या अपंगत्वासाठीही तो मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. गैरवापराला 1,000 पौंडांपर्यंत दंड आहे. तरीही आजीचा बॅज लावून एकटाच खरेदीला आलेला नातू येथेही दिसतो.

सह्यकडा यांच्या आईंसारख्या व्यक्ती येथे अर्ज करू शकतात आणि त्या गाडीत असतील तेव्हा मुलाने त्या जागेत गाडी लावणे पूर्ण वैध ठरते. त्यामुळे ‘गाडी कोण चालवतो’ हा मुक्तछंद यांचा निकष मला चुकीचा वाटतो.

मुक्तछंद

ताई, आपला आजार गंभीर आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु आपण ज्या देशाचे सांगता तेथे जागाही तेवढ्या असतात. येथे अख्ख्या इमारतीला दोन जागा असतात. पुण्यात गुडघे दुखणारे ज्येष्ठ नागरिक घरोघरी आहेत. त्या सगळ्यांना तेथे बोलावले तर सकाळी साडेदहानंतर उंबरठा यांच्या वाट्याला काय उरणार? ज्यांना थोडे तरी चालता येते त्यांनी ज्यांना मुळीच येत नाही त्यांच्यासाठी मागे सरावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

चंद्रकोर

‘थोडे तरी चालता येते’ हे वाक्य मी पार्किंगमध्ये उभी राहून अनोळखी माणसांकडून ऐकलेले आहे. एका बाईंनी माझ्या गाडीच्या काचेवर बोटे आपटून ‘तुम्हाला काय झाले आहे?’ असे विचारले होते, तेव्हा माझा मुलगा मागच्या सीटवर होता. तो सात वर्षांचा होता आणि घरी आल्यावर त्याने विचारले, ‘आई, तू खोटे बोलतेस का?’ हे वाक्य दुसऱ्या अपंग माणसाकडून ऐकावे लागेल अशी माझी अपेक्षा नव्हती. भारताच्या 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांत माझा आजारही आहे. 1995 च्या कायद्यात सातच प्रकार होते. आपण अजून त्या सातांतच अडकलेले दिसता.

मुक्तछंद

1995 चा कायदा येईपर्यंत मी माझे तारुण्य कोणत्याही कायद्याशिवाय काढले आहे, त्यामुळे मी कोठे अडकलो आहे ते मला सांगू नये. तरीही आपल्या मुलाचा प्रश्न वाचल्यावर मी माझे वाक्य बदलतो : चालता येते की नाही हे पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या माणसाने ठरवू नये, त्यात मीही आलो. सह्यकडा यांच्या पायांविषयी लिहिले तेही याच कारणासाठी मागे घेतो. परंतु कोणीतरी ते ठरवून, काचेमागे ठेवता येईल असे काहीतरी हातात द्यायला हवे. व्हीलचेअरच्या चित्राचे स्टिकर कोपऱ्यावरच्या दुकानातही विकत मिळते, त्याला काही अर्थ नाही.

उंबरठा

मूळ प्रश्न दहा मिनिटांच्या गाडीचा होता आणि आपण सगळे दोन जागांसाठी आईंचे गुडघे, पोलिओ आणि मल्टिपल स्क्लेरोसिस एकमेकांसमोर उभे करतो आहोत, त्याच वेळी तेथे आंब्याच्या पेट्या ठेवलेल्या असतात. मला त्या जागेत चंद्रकोर यांची गाडी दिसली तर मी विनातक्रार परत जाईन.

सह्यकडा, प्रमाणपत्राला वयाची अट नाही. तपासणीत अपंगत्व 40 टक्के किंवा त्याहून अधिक भरले तर ते अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही कायद्याच्या दृष्टीने तेवढेच खरे असते. खेपा घालाव्या लागतात हे मान्य. मीही घातल्या आहेत आणि त्या कमी व्हायला हव्यात. परंतु एक प्रश्न विचारतो. आई गाडीत नसताना, आपण एकटे असताना, ती जागा कधी वापरली आहे का?

सह्यकडा

दोनदा वापरली आहे. एकदा पाऊस होता आणि एकदा मी घाईत होतो. विचारले आहे म्हणून सांगतो.

आई बरोबर असताना मी चुकलो असे मला आजही वाटत नाही आणि चंद्रकोर यांच्या उत्तरानंतर तर अजिबात नाही. मात्र त्या पावसाच्या दिवशी मी गाडीतून उतरत असताना मागे एक पांढरी गाडी इंडिकेटर लावून उभी राहिली होती. मी दार बंद केले तशी ती वळून निघून गेली. तेव्हा मी त्याचा विचारही केला नाही. ती कोणाची होती हे मला कधीच कळणार नाही आणि उंबरठा यांचे ‘मी तसाच बाहेर पडतो’ हे वाचल्यापासून ती गाडी मनातून जात नाही.

एकटा असताना यापुढे लावणार नाही. आईचा अर्ज भरतो. दुकानाच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिणार आहे की दाराशी पाठ टेकता येईल असा एक बाक ठेवा, म्हणजे तिला उतरवून गाडी खाली नेता येईल.

हिशेबनीस

पत्र एकट्याच्या नावाने दिलेत तर ते फाइलला लागेल. दहा सह्या असतील आणि सोबत गर्दीच्या दिवसाचे फोटो असतील तर वर पाठवावेच लागते. ट्रॉल्या हलवण्याची मागणी त्यातच घाला, कारण ती बिनखर्चाची आहे आणि त्या दिवशीच मान्य होऊ शकते.

मुक्तछंद

माझी सही घ्या. साइड व्हीलच्या स्कूटरसाठी एक रुंद खण आखून द्यावा, ही ओळही घाला. बाक कोठे ठेवायचा तेही पत्रात लिहा, नाहीतर ते तो नेमका तिरक्या पट्ट्यांवर आणून ठेवतील.