ब्रूक्स रेंजमध्ये कुत्र्यांची स्लेज आणि बर्फात चार रात्री: झेपेल का?

आडवाट:
मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात अलास्कात, ब्रूक्स रेंजच्या डोंगरांत गाईडबरोबर पाच दिवस जायचं घाटतंय. प्रत्येकाला स्वतंत्र स्लेज (कुत्र्यांनी ओढायची, बर्फावरून घसरणारी गाडी) हाकायला देतात, रात्री तंबूत. वय ४६, रोज तासभर चालतो, पण बर्फावर आजवर एकही रात्र काढलेली नाही. फोटोंत सगळे स्लेजवर उभे राहून नुसते हसताना दिसतात, त्यामुळेच शंका येते. अंगमेहनत खरी किती? उणे तीसमध्ये झोप लागते का? आणि 'बिचाऱ्या कुत्र्यांचे हाल' असं घरातून रोज ऐकतोय, त्याचं काय?

दोनमोजे:
बूट एक माप मोठे घ्या. जाड मोज्यांवर घट्ट बूट चढवलेत तर रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात. बाकी आत्या सांगतीलच, त्या जाऊन आल्यात.

सुमाआत्या:
झेपेल. मी गेले तेव्हा ५४ पूर्ण होते आणि गुडघे काही फार शहाणे नव्हते. फक्त 'सहल' हा शब्द डोक्यातून काढा. सहा कुत्र्यांच्या घरी पाच दिवस कामाला राहायचं आहे, असं समजा.

सकाळी आधी कुत्री, मग आपण. पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ, आणि बादलीभर भुसभुशीत बर्फाचं जेमतेम तांब्याभर पाणी होतं. पातेल्याच्या तळाशी थोडं पाणी ठेवूनच वर बर्फ टाकायचा, नाहीतर पातेलं करपतं आणि दिवसभर चहाला जळका वास येतो (पहिल्या दिवशीचा चहा माझ्या कृपेने तसाच झाला). थंडीत कुत्री नुसतं पाणी धड पीत नाहीत, म्हणून त्यात मांस आणि चरबी घालून पातळ कालवण द्यायचं.

मग पायमोजे. सहा कुत्री, चोवीस पाय. जाड हातमोजे घालून ते पट्टे लागत नाहीत, त्यामुळे पातळ मोज्यांवरच काम. तिसऱ्या कुत्र्यापर्यंत माझी बोटं बधिर. स्लेजच्या अगदी पुढ्यात जुंपलेला एक तांबूस, आडदांड गडी होता, त्याच्या काखेत दोन्ही हात खुपसून उभी राहायचे. तोही बिचारा चालवून घ्यायचा.

हालांचं म्हणाल, तर जुंपताना एकदा बघा. सगळी उड्या मारतात, केकाटतात, स्लेज झाडाला दोराने बांधलेली असते तरी गदगदा हलते. दोर सोडला, स्लेज अडवायला बर्फात रोवलेला हुक उपटला की एका क्षणात सगळा गलका बंद. फक्त धापा आणि बर्फावर घासणाऱ्या स्लेजच्या तळपट्ट्यांचा आवाज. त्या शांततेसाठी मी पुन्हा जाईन. तरीही बुकिंगच्या आधी विचाराच: उन्हाळ्यात कुत्री कशी ठेवता, दिवसभर साखळीला असतात का, म्हाताऱ्या झालेल्यांचं काय करता? उत्तर देताना समोरचा चाचरला तर दुसरा गाईड शोधा.

'गी' म्हणजे उजवीकडे, 'हॉ' म्हणजे डावीकडे. पाठ करून जा, पण उपयोग कमी, कारण तुमची कुत्री गाईडच्या स्लेजमागेच जातात. आपलं खरं काम ब्रेकवर. उतारावर स्लेज मागच्या कुत्र्यांच्या पायांवर चढता कामा नये. चढावर खाली उतरून ढकलायचं. तिथे घाम आला की संपलं, थांबल्यावर तोच घाम गोठवतो. जॅकेट चढाच्या आधी काढा, आणि थांबलात की त्याच मिनिटाला चढवा.

सर्वांत मोठा नियम: पडलात तरी स्लेजची हातात धरायची दांडी सोडायची नाही. मी तिसऱ्या दिवशी वळणावर चष्म्यावरचं दव पुसायला गेले, स्लेज कलंडली आणि मी दांडी सोडली. कुत्री गेली पुढे. एकाने मागे वळून पाहिलं असेल तर शपथ. गाईडने पुढे अडवली म्हणून बरं. मी मात्र मांडीभर बर्फातून धडपडत पोचले.

नदीवर जपा. गोठलेल्या थराखालचं पाणी दाबाने वर येतं आणि ताज्या बर्फाखाली लपून राहतं. माझा पाय घोट्यापर्यंत गेला. गाईडने तो लगेच कोरड्या भुसभुशीत बर्फात लोळवायला लावला. तो बर्फ टिपकागदासारखं पाणी शोषतो. मग मोजे बदलले.

झोप लागते, पण तुकड्यातुकड्याने. तंबूतली लाकडाची शेगडी झोपल्यावर दोनेक तासांत विझते. गरम पाण्याची बाटली पायाशी ठेवा, बुटांचे आतले अस्तर स्लीपिंग बॅगेतच घ्या. तोंड बॅगेत खुपसून श्वास सोडू नका, आतून ओली होते. आणि लघवीला लागली तर सरळ उठा. अडवून धरलं की रात्रभर कुडकुडत जागं राहता. मी उठले, म्हणून तर आकाशात हिरवा अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, दिसला! शेजारी कुत्री अंथरलेल्या वाळक्या गवतावर मुटकुळं करून, नाकावर शेपूट घेऊन झोपलेली, अंगावर बर्फाची पातळ चादर.

शेगडी_३:
स्वतःची साधी गॅसची शेगडी नेऊ नका. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायूच होत नाही. तिथे पेट्रोलवरच्या शेगड्या चालतात. मोबाईल आतल्या खिशात, अंगाला लागून. सिग्नल नसतोच, पण फोटोपुरती बॅटरी टिकेल. आणि फेअरबँक्सहून भाड्याची गाडी घेऊन निघणार असाल तर करार वाचा. ब्रूक्स रेंजमधलं कोल्डफूट हे ठिकाण तिथून साधारण ४०० किमी, आणि तिकडे जाणाऱ्या डाल्टन हायवेवर गाडी नेऊ न देणारे बरेच आहेत.

आडवाट:
आत्या, घरी वाचून दाखवलं. आता बायकोही येते म्हणतेय. एकच विचारायचं राहिलं, दांडी सोडल्यावर गाईड काय म्हणाला?

सुमाआत्या:
म्हणाला, "आज रात्री जेवण तू वाढ, म्हणजे तुला ओळखतील." वाढलं. तांबूस गड्याने भांडं चाटून लख्ख केलं आणि माझ्याकडे पाठ करून झोपला.