प्रतिसाद: शीतगृहाची जागा आणि गुणांची सरासरी

केळीचं शीतगृह कुठे बांधायचं, रावेर, सावदा की भुसावळ, हे सगळ्यांकडून गुण मागवून सरासरीने ठरवा, असं मूळ पोस्टमध्ये सुचवलंय. सरासरीतच गोम आहे. अनेक निकष तोलून निर्णय घ्यायची थॉमस साटी या गणितज्ञांची एएचपी (अ‍ॅनॅलिटिक हायरार्की प्रोसेस) पद्धत आहे, तिच्यात निकषांची जोडीजोडीने १ ते ९ मापावर तुलना होते. बागायतदाराने पाण्याला रस्त्याच्या ५ पट महत्त्व दिलं आणि व्यापाऱ्याने १/५, तर साधी सरासरी २.६ येते, म्हणजे बागायतदार फुकटात जिंकला. गुणोत्तरी सरासरी (दोन आकड्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ) घ्या, बरोबर १ येईल.

निकष ४ आणि जागा ३ असतील तर तुलना १८ होतात (निकषांच्या आपसात ६, आणि प्रत्येक निकषावर जागांच्या ३). माणूस तेवढा टिकतो. निकष १० केले की नुसत्या निकषांच्याच ४५, मग लोक डोळे मिटून आकडे टाकतात. ते पकडायला सुसंगतता गुणोत्तर आहे, म्हणजे एकाच माणसाची उत्तरं एकमेकांशी किती विसंगत आहेत त्याचं माप; ते ०.१० च्या आत हवं. पाणी रस्त्याच्या ३ पट, रस्ता जमिनीच्या ३ पट, पण पाणी जमिनीच्या २ पटच, असं कुणी लिहिलं तर हे गुणोत्तर ०.२२ वर जातं. आकडे स्वतः दुरुस्त करू नका, फॉर्म ज्याचा त्याला परत पाठवा.

आणि वीज या तुलनेच्या निकषांत घालूच नका, ती गेली की थंडावा गेला. तापमान १३ अंशांच्या खाली उतरलं की केळीची साल काळवंडते, वर चढलं की माल पिकू लागतो. स्वस्त जमिनीने ते भरून निघत नाही. खात्रीची थ्री-फेज आणि जनरेटर नसेल ती जागा आधीच बाद. बैठकीत ऐनवेळी चौथं गाव घुसवलं तर पहिल्या दोघांचा क्रमही उलटू शकतो (आपल्याकडे घुसवतातच!), म्हणून यादी आधी गोठवा.