डब्ल्यूडीएम-२ : चबुतऱ्यावर की रुळावर?

आठवा_नॉच :
१९६२ साली अमेरिकेतल्या अल्को या इंजिन बनवणाऱ्या कंपनीकडून आपल्या रेल्वेचं पहिलं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन आलं, १९६४पासून ही डब्ल्यूडीएम-२ वाराणसीत बनू लागली. १६ सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. मेल असो की मालगाडी, पुढे बहुधा हीच. आता विद्युतीकरणामुळे तिचं काम संपलं. बहुतेक भंगारात गेल्या, वाचल्या त्या रंग फासून चबुतऱ्यावर चढवल्या. १८५५चं वाफेचं इंजिन फेअरी क्वीन मात्र १९९७मध्ये पुन्हा धावलं. मग अल्कोनं कुणाचं घोडं मारलंय? निदान एक तरी चालू ठेवा.

बफर :
म्हणायला काय जातं! इंजिन महिनोन्महिने उभं राहिलं की एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी झिरपून साचतं. तसंच सुरू केलंत तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकलाच समजा. म्हणून आधी सिलिंडरची डीकॉम्प्रेशन प्लग नावाची बुचं काढून, पाणी बाहेर येतं का ते क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरवून बघायचं. शिवाय सुरू करताना मेन जनरेटरच मोटार होऊन इंजिन फिरवतो, तेव्हा बॅटऱ्या ठणठणीत हव्यात. एवढं सगळं कोण करणार, आणि कुणाच्या पैशानं? चबुतऱ्यावर निदान पोरं तरी बघतात.

लाँग_हूड :
उघड्यावर ठेवलेल्या इंजिनाला तुम्ही जतन म्हणता? चार पावसाळे जाऊ द्या, रंगाखाली पत्रा सडलेला असतो. कॅबमधले गेज तर त्याआधीच गायब (कुठे जातात देव जाणे). आणि अल्को म्हणजे तो आवाज हो! नॉच (वेगाच्या दांड्याची पायरी) वाढवला की इंधन लगेच वाढतं, इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो मात्र मागून वेग घेतो. तोवर हवा कमी पडते आणि काळ्या धुराचा लोट उठतो. हे फलक वाचून कुणाला कळणार?

बफर :
धुराचं कौतुक लाइनीशेजारी राहणाऱ्यांना सांगून बघा.

आठवा_नॉच :
ब्रिटनमध्ये डेल्टिक जातीची डिझेल इंजिनं २२ होती, १९८२च्या सुरुवातीला सेवेतून गेली. ६ वाचली, त्यातली काही पुढे मेनलाइनवर धावलीसुद्धा.

बफर :
तिथे हौशी मंडळं इंजिन विकत घेतात. इथे इंजिन रेल्वेचं, रूळ रेल्वेचे, परवानगीही रेल्वेचीच. तुमच्या-माझ्या हातात फक्त कॅमेरा.

शेडवाला :
मी इंजिनं दुरुस्त करणाऱ्या शेडमध्ये काढली नोकरी, म्हणून बोलतो. चालवलं की अस्सलपणा जातो, असंही काही जण म्हणतात, ते सोडा. पिस्टन, लायनर नोकरीतच कितीदा बदलले जातात, आणि कित्येक डब्ल्यूडीएम-२ तर रिबिल्ड होऊन ३,१०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-३ए झाल्या. सुट्या भागांचंही जमेल, बाद इंजिनांतून काढता येतात. इंधन सोडणाऱ्या इंजेक्शन पंपाचं टायमिंग लावणारी, इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरची नस ओळखणारी माणसं मात्र निवृत्त होताहेत आणि नवी पोरं इलेक्ट्रिकवर शिकताहेत. चालती ठेवायचीच असेल तर तिच्याबरोबर दोन जुने फिटर आणि चार शिकाऊ द्या. तेवढं जमत नसेल तर बफर म्हणतात तेच करा, पण वर छप्पर घाला.

बफर :
छपराला माझी ना नाही.