गच्चीची किल्ली आणि ७०१ चा स्टे

३०२: गच्चीला पुन्हा कुलूप! प्लंबर टाकीचा फ्लोट बघायला आला होता, जिन्यातूनच परत गेला. किल्ली कोणाकडे आहे?

७०१: कोर्टाचा स्टे आहे. गच्चीवर कोणीही जायचं नाही. सेक्रेटरींना सगळं माहीत आहे.

६०४: कबुतरांना नोटीस बजावली का काका? 😄

सेक्रेटरी: ऑर्डरची नक्कल माझ्याकडे आहे. गच्चीवरच्या तुमच्या शेडबद्दल "पुढील तारखेपर्यंत शेड पाडू नये" एवढंच लिहिलंय. कुलपाचा उल्लेख नाही.

३०२: मग किल्ली द्या.

७०१: स्टे म्हणजे स्टे. ज्यांना कायदा कळत नाही त्यांनी बोलू नये.

वकीलताई ४०३: मग मी बोलते काका. तुम्हाला मिळालाय तो एकतर्फी, तात्पुरता मनाई हुकूम. जेवढं लिहिलंय तेवढीच मनाई. शेडला हात लावायचा नाही, बास. कायमची मनाई दावा चालून, पुरावा होऊन, निकालात मिळते. ती अजून लांब आहे.

२०१: तात्पुरता म्हणजे किती वर्षं? 🙏

४०३: समोरच्याला न ऐकता दिला असेल तर अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ मध्ये आहे. पण त्यासाठी आपला से, म्हणजे लेखी उत्तर, वेळेत जायला हवा. शिवाय सभासद विरुद्ध सोसायटी हा वाद महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा, दिवाणी कोर्टात आलाच कसा, हेही त्यात घेऊ.

६०४: कॅव्हेट टाका, म्हणजे आपल्याला न ऐकता कोर्ट हुकूम देणार नाही, असं मी एजीएममध्ये ओरडत होतो.

सेक्रेटरी: टाकलं होतं. ९० दिवसांनी संपतं, पुन्हा टाकायचं राहिलं. तेव्हा कमिटीवर आपणच होतात.

६०४: वैयक्तिक घेऊ नका साहेब.

५०१: कटर आणा, कुलूप तोडा. विषय संपला.

४०३: अजिबात नको. त्या गडबडीत शेडचा एक पत्रा जरी निघाला तरी मनाई मोडली म्हणून अर्ज येईल. मालमत्ता जप्त होऊ शकते, ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही.

६०४: सेक्रेटरीसाहेब, डबा आम्ही पोचवू.

३०२: किल्ली??

४०३: तेच सांगतेय. कुलूप उघडायला लावायचं तर "करू नका" नाही, "करा" असा हुकूम लागतो, मँडेटरी. दावा चालू असताना तो सहजासहजी मिळत नाही. केस चांगलीच भक्कम लागते, नुकसान पैशाने भरून न येणारं लागतं, गैरसोय कोणाची जास्त तेही बघतात. पण १९९० च्या दोराब वॉर्डन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की, वादाच्या आधीची, कोणाची हरकत नसलेली शेवटची स्थिती परत आणता येते. आपल्याकडे किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला असायची. रजिस्टरमध्ये घेणाऱ्यांच्या सह्या आहेत. काकांच्याही.

७०१: त्या मी शेडच्या कामासाठी केल्या होत्या.

३०२: म्हणजे किल्ली वॉचमनकडेच होती ना?

२०१: लिफ्टमध्ये पान थुंकणाऱ्याचं काय झालं? त्यावरही स्टे आहे का?

सेक्रेटरी: कृपया विषयावर बोला.

७०१: मी माझ्या वकिलांशी बोलेन. तोवर प्लंबर आला तर मला फोन करा, मी स्वतः उभा राहून कुलूप उघडून देतो. टाकीला माझा कधीच विरोध नव्हता.

सेक्रेटरी: आभारी आहे. एवढं लेखी द्यावं.

७०१: लेखी काही मिळणार नाही.

४०३: आत्ताच दिलंत काका. स्क्रीनशॉट घेतलाय, सेला जोडते.