मदत हवी आहे: सिगरेट सोडून चौथा दिवस, हात थरथरून राहिले

बुटीबोरी_शिफ्ट
रविवारी रात्री शेवटची ओढली. तेव्हापासून हात थरथरतात, छातीत धडधड होते, डोकं बधिर. रात्री दोन वाजेपर्यंत टक्क जागा. पोट साफ नाही, तोंड आलं आहे. काल मुलीच्या हातून डबा पडला तर असा ओरडलो की ती आजीच्या मागे जाऊन लपली. हे किती दिवस चालते? उद्या पहिली पाळी आहे, लवकर सांगा.

रामदासपेठ
दिवसाला किती ओढत होते? एकदम बंद केली की हळूहळू? वय, बीपी, शुगर?

संत्रानगरी
भाऊ, मी २०१९ मध्ये सोडली. खिशात लवंग ठेवा, बाकी काही लागत नाही.

बुटीबोरी_शिफ्ट
बारा-पंधरा. उठल्याबरोबर पहिली. एकदम बंद केली. वय ३८. बीपी कधी मोजला नाही.

महालवाला
पंधरा दिवस खर्रा घ्या. धूर तर नाही ना त्यात. माझ्या साळ्याची अशीच सुटली.

रामदासपेठ
काहून असं सांगून राहिले जी? खर्‍यात तंबाखूच असते, निकोटीन तेच. वरून सुपारी. माझ्या काकांचं तोंड आता दोन बोटंही उघडत नाही, डेंटल कॉलेजच्या चकरा सुरू आहेत. साळ्याची सिगरेट सुटली, तंबाखू कुठे सुटली?

संत्रानगरी
कूलर नीट चालू आहे का? मे महिन्यात नागपुरात डोकं बधिर होणारच. गवत बदलून वाळा लावा.

महालवाला
वाळा महाग पडतो. गवतच बरं, दर सीझनला बदलायचं.

काउंटरवरून
कूलरचं नंतर बोला. मी औषधाच्या दुकानात बसतो, रोज असे लोक येतात. रक्तातलं निकोटीन दर दोनेक तासांनी निम्मं होतं, म्हणून दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात कठीण. तो तुम्ही काढला. चिडचिड, झोप, पोट हे दोन ते चार आठवड्यांत उतरतं. तोंड येणंही यातलंच, जाईल. पण धडधड मला खटकते. सिगरेट सुटली की ठोके सहसा कमी होतात, वाढत नाहीत. चहा किती होतो?

बुटीबोरी_शिफ्ट
आधी चार. आता तल्लफ आली की ठेल्यावर सिगरेटऐवजी चहाच घेतो. आठ-नऊ होतात.

काउंटरवरून
मग हेच पाहा. धुरामुळे लिव्हर कॅफीन झपाट्याने संपवत असते. धूर बंद झाला की तेच कॅफीन अंगात जास्त वेळ टिकतं. त्यात तुम्ही चहा दुप्पट केला. दोन कपांवर या, दुपारनंतर एकही नको. तल्लफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ ताक प्या, चालून या. तरी जमलं नाही तर निकोटीन गम आहे. उठल्याबरोबर ओढणार्‍याला बहुधा ४ मिलिग्रॅमचा लागतो, तो डॉक्टरांना विचारून घ्या.

रामदासपेठ
चहा कमी कराच, पण ३८ व्या वर्षी पंधरा सिगरेटी आणि धडधड म्हटल्यावर ईसीजी आधी. छातीत दुखलं, घाम सुटला तर एक मिनिट थांबू नका. बोलायला कोणी हवं असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारी क्विटलाइनचा नंबर आहे, फुकट.

महालवाला
व्हेप चालेल का?

रामदासपेठ
देशात २०१९ पासून बंदी आहे.

बुटीबोरी_शिफ्ट
आज सहावा दिवस. ईसीजी नॉर्मल, बीपी १३२/८६, महिनाभराने पुन्हा मोजायला सांगितला. चहा दोन कप. थरथर जवळजवळ गेली, काल सलग पाच तास झोपलो. मुलीला जवळ घेऊन सॉरी म्हटलं. पोट अजून तसंच. डॉक्टरांनी गम लिहून दिला, पण चावला की घसा जळतो अन् उचकी लागते.

काउंटरवरून
बबलगमसारखा चघळून राहिले असाल. झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, गेल्या की पुन्हा चावायचा. एक गम अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा नको. पोटासाठी पाणी वाढवा, रात्री इसबगोल घ्या.

संत्रानगरी
अन् लवंग?

बुटीबोरी_शिफ्ट
तीही आहे भाऊ खिशात.